भरतीच्या खालची शेती

देशावरच्या शेतकऱ्याला पाण्याचा एकच प्रश्न ठाऊक असतो : ते आणायचे कोठून? विहीर खोदायची, पाइपलाइन टाकायची, कालव्याच्या पाळीसाठी थंडीत रात्र जागून काढायची. पण पाणी बाहेर कसे ठेवायचे या चिंतेत ज्याचा जन्म जातो असा शेतकरी पुण्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर राहतो, हे आमच्या शिरूर-दौंडकडच्या मंडळींना सांगितले तर ती हसतात. आम्हीही हसलो होतो. शेतकी कॉलेजातला आमचा एक वर्गमित्र तिकडचा. वसतिगृहात असताना तो पंचांग उघडून तिथी बघायचा आणि म्हणायचा, “आज रात्री उधाण. आबा बांधावर असतील.” आम्हाला वाटे, पोराला घरची आठवण येत असावी.

तो आता नोकरीतून निवृत्त होऊन गावी राहतो. गेल्या पौषात त्याने फारच आग्रह केला, म्हणून आम्ही उभयता चार दिवस त्याच्याकडे जाऊन आलो. खोपोलीवरून पेण, पुढे वडखळ, आणि वडखळच्या पुढे धरमतरची खाडी ओलांडली की अलिबाग तालुक्यातला खारेपाट सुरू होतो. पेण तालुक्यातही वाशी-शिर्कीच्या बाजूला असाच पट्टा आहे. डोंगर मागे राहतात आणि समोर ताटासारखी सपाट जमीन पसरते. झाड म्हणून क्वचितच. गावे जरा उंचवट्यावर, प्रत्येक गावाला एक-दोन तळी, आणि लांब क्षितिजाला लागून मातीचा एक लांबच लांब वरंबा. आमच्या सौ.नी विचारले, “भावोजी, तो रस्ता कुठे जातो?”

“वहिनी, तो रस्ता नाही. त्याच्या पलीकडे समुद्र आहे.”

सारा खारेपाट या एका उत्तरात आला. ही जमीन मुळात खाडीची. चिखलाच्या दलदलीला बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढत पिढ्यान्‌पिढ्यांनी ती भातासाठी तयार केली. मोठ्या भरतीला बाहेरचे पाणी शेताच्या पातळीच्या वर चढते. म्हणजे माणूस शेतात भात कापत असतो आणि बांधापलीकडची होडी त्याच्या कमरेच्या, कधी छातीच्या उंचीवरून जाते. पहिल्यांदा पाहणाराला हे खरे वाटत नाही. आमच्या सौ. बांधावर चढून दोन्हीकडे बघत पाच मिनिटे गप्प उभ्या राहिल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

खाडीच्या अंगाच्या या मोठ्या बांधाला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. बाहेरून दगडांची पिचिंग, आत चिकण माती. अधूनमधून बांधात पाण्याला वाट ठेवलेली असते, तिचे नाव उघाडी. उघाडीची युक्ती पाहून आमच्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. उघाडीला खाडीच्या बाजूने एक झडप टांगलेली असते. ओहोटी लागली, बाहेरचे पाणी उतरले, की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप बाहेर उघडते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. भरती सुरू झाली की बाहेरचे पाणीच झडप दाबून बंद करते. ना इंजिन, ना वीज, ना चौकीदार. समुद्राच्याच हाताने समुद्राला दार लावून घ्यायचे. मात्र त्या झडपेत एखादे लाकूड किंवा प्लॅस्टिकची गोणी अडकली, की दार अर्धवट उघडे राहते आणि एका रात्रीत खारे पाणी आत येते. म्हणून दर उधाणाला कोणीतरी उघाडीवर नजर टाकून यावेच लागते.

उधाण केव्हा, हे तिकडच्या पोरालाही तोंडपाठ. आमच्या मित्राच्या आईंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी मला हिशेब शिकवला. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण भरते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येची भरती सर्वांत मोठी, ते उधाण. अष्टमीच्या आसपासची सर्वांत लहान, तिला भांग म्हणतात. रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. बंदरावरच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिला, तर अर्ध्या तासाच्या आत उतरला. आईंनी आणखी एक सांगितले : “पावसात दिसाचं उधान मोटं, थंडीत रातचं.” हीही गोष्ट कोष्टकात तशीच दिसते. आईंना वाचता येत नाही.

अशा गावात माणसाचे काम आणि माणसाची करमणूक ही दोन्ही एकाच पाण्याच्या तालावर चालतात. मृगाचा पाऊस जोरात पडला की जमिनीतले मीठ विरघळते. ते पाणी शेतात धरून ठेवायचे, मग ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, पुन्हा धरायचे. दोन-तीन वेळा जमीन अशी धुतली की भात घेता येते. बऱ्याच ठिकाणी रोपे न लावता मोड आणलेले बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. पूर्वी काळा राता, भुरा राता हे लाल तांदळाचे भात असे. ते मिठाला दाद देत नसे, पण उतारा बेताचा. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती काढल्या आणि उतारा सुधारला. रात्याच्या भाकरीची चव मात्र नव्या जातींना नाही, असे तिकडच्या बायका ठामपणे सांगतात. संशोधक मंडळींनी याची नोंद घ्यावी.

त्याच पहिल्या पावसात एक मोठा सण होतो, पंचांगात न छापलेला. शेतातले गोडे पाणी ओहोळांतून खाली धावू लागले की मासे त्याच्या उलट वर चढतात. ही वलगण. बातमी आली की गाव रिकामे. म्हातारे, पोरे, शाळा बुडवणारे मास्तर, सगळे पाग खांद्यावर टाकून बांधाबांधाने पळतात. पाग म्हणजे फेकून टाकायचे गोल जाळे. रात्र असेल तर बत्त्या. पावसात भिजून घरी आले की चिवणीचे कालवण. अंड्यावर आलेली चिवणी त्या दिवसांत कोणाच्या घरात शिजली नाही असे होत नाही. आमचा मित्र मोठ्या पदावर पोहोचला होता, पण वलगणीला दरवर्षी त्याच्या पोटात दुखत असे आणि रजा टाकावी लागे, हे आता त्याने स्वतःच कबूल केले. अंड्यावरचे मासे एकदम इतके मारू नयेत, असे आता मत्स्यशास्त्राचे लोक सांगतात आणि ते बरोबर आहे. पण आमच्या मित्राच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक आली, तिच्यापुढे आम्ही हा विषय वाढवला नाही.

तळ्यांचीही गोष्ट सांगण्यासारखी. खारेपाटात विहीर खोदली तर पाणी मचूळ. म्हणून पावसाचे पाणी तळ्यात साठवायचे, आणि चैत्र-वैशाखात तेही आटले की बायांनी हंडे घेऊन कोसभर चालायचे, असे कितीतरी वर्षे चालले. डोळ्यांसमोर पाणीच पाणी आणि घरात घोटभर नाही! आज नळ आले आहेत, तरी उन्हाळ्यात खारेपाटाच्या शेवटच्या गावांचे हाल पूर्ण संपलेले नाहीत. याच तळ्यांत जिताडा वाढवतात. जिताड्याचे पिल्लू भरतीबरोबर खाडीत येते. ते धरून तळ्यात सोडले की गोड्या पाण्यात दोन-तीन वर्षांत चांगले पोसते. अंडी घालायला मात्र त्याला खारे पाणीच लागते, म्हणून तळ्यात त्याची वीण होत नाही. लहानपणी नर असलेला जिताडा मोठेपणी मादी होतो, ही आणखी एक गंमत. पाहुणा खास असेल तर तळ्यात जाळे पडते. कचेरीत अडलेले काम जिताड्याने सुटते, अशी तिकडे जुनी थट्टा आहे. आम्ही कोणत्याही कचेरीत नसूनही आमच्या ताटात जिताडा पडला, हे येथे आवर्जून नमूद करतो.

भात निघाले की जमिनी मोकळ्या होतात आणि गावोगाव खळी सारवतात तशी मैदाने तयार होतात. कबड्डी तर रायगड जिल्ह्याच्या रक्तात आहे. आता तिच्या जोडीला टेनिस बॉलचे क्रिकेट आले. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला, तेव्हापासून अलिबागकडच्या वाळूवर पुन्हा धूळ उडू लागली आहे. कार्तिकात वरसोलीच्या विठोबाची यात्रा असते. लग्नसराईत आगरी घरांतून अजून धवलारीण बोलावली जाते, आणि तिच्या धवल्याशिवाय हळद लागत नाही. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत तर वर्षभर गणपतीच्या मूर्ती तयार होतात. शेतीचे काम नसले की घरोघरी रंगाची कुंचली चालते, आणि बायकांच्या हाताला हक्काचा पैसा मिळतो.

पण पौषात तिकडे जावे ते पोपटीसाठी. आमच्या वाचक भगिनींसाठी कृती देतो, कारण सौ.नी ती नीट विचारून आणली आहे. गोड्या जमिनीतल्या वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा घ्यायच्या. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला भरायचा. ही उग्र वासाची रानटी वनस्पती तिकडे बांधाबांधावर उगवते. त्यावर शेंगांचा थर, ओवा आणि जाडे मीठ. मधे बटाटे, रताळी, अंडी. मांसाहारी असाल तर मसाला लावलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून. पुन्हा शेंगा, वर पाला दाबून तोंड बंद. मडके जमिनीवर उपडे घालायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र होऊन लगेच उडाले की पोपटी झाली. आपल्या हुरड्याची ही कोकणातली धाकटी बहीण समजा. कोणती चांगली यावर आमचे घरी अद्याप एकमत नाही.

त्या दिवशी पौर्णिमा होती. पोपटी अंगणात लावतील असे आम्हाला वाटले होते, पण मित्र म्हणाला, “बांधावर लावू. बाराला उधाण आहे. तेवढीच नजर राहील.” तेव्हा लक्षात आले की गावच्या बऱ्याचशा पोपट्या पौर्णिमेला उघाडीजवळ का होतात. चांदणे असते हे एक कारण. राखण होते हे दुसरे. नऊच्या सुमारास आम्ही दहा-बारा जण निघालो. मित्राचा पुतण्या, त्याचे दोन दोस्त, शेजारचे वृद्ध काका, बायका, लहान मुले. थंडी चांगली होती. पोपटी लागली, मडक्यातून ओव्याचा आणि पाल्याचा वास सुटला. पलीकडे खाडी हळूहळू फुगत होती. आम्ही आलो तेव्हा जो चिखल दिसत होता, तो दहाला दिसेनासा झाला. अकराला पाणी पिचिंगच्या दगडांना लागले होते.

पहिले मडके फुटले, शेंगा वाटल्या जात होत्या. काका मात्र खाता खाता उठले आणि बॅटरी घेऊन बांधाच्या आतल्या उतारावरून चालू लागले. कोणी विचारले नाही. पन्नासएक पावलांवरून त्यांची हाक आली. हाकेत घाई नव्हती, पण मित्राने हातातले पान खाली ठेवले आणि सगळे पुरुष उठले.

बांधाच्या आतल्या पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली होती. पाणी गढूळ होते. स्वच्छ पाणी पाझरले तर फार भिण्याचे कारण नसते. गढूळ आले म्हणजे ते आतली माती बरोबर घेऊन येत आहे, असे काकांनी मला नंतर सांगितले. खेकडे बांधात बिळे करतात. बाहेरचे बीळ आणि आतले बीळ एकमेकांना मिळाले की पाण्याला नळी सापडते. करंगळीची धार तासाभरात मनगटाएवढी होते, आणि मग बांध बसतो. त्याला म्हणतात खांड जाणे. पावसाळ्यात खांड गेली तर निदान वरून पाऊस तरी धुतो. थंडीत गेली तर खारे पाणी जमिनीत मुरते, उन्हाळ्यात मीठ वर येऊन पांढरे फटक पडते, आणि पुढे दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते. तोवर भात नाही.

पाणी चढायला अजून पाऊण तास बाकी होता. पुतण्या कपडे काढून बाहेरच्या बाजूने पाण्यात उतरला आणि दगडांच्या फटींत पायाने बिळाचे तोंड चाचपू लागला. बाकीच्यांनी शेताच्या कडेची चिकण माती खणायला घेतली. फावडी दोनच होती. गोळे हातोहात पुढे सरकवायचे, अशी ओळ लागली, आणि त्या ओळीत आम्हीही उभे राहिलो. पोपटीसाठी आणलेला पेंढा मातीत मिसळला, गोणीत भरला. बाहेरून बिळाचे तोंड सापडले तेव्हा पुतण्या पाण्यात गळ्यापर्यंत होता आणि त्याचे दात वाजत होते. तीन गोण्या तेथे रोवल्या. आतून धारेवर माती घातली नाही. धारेभोवती गोल कडे केले आणि त्यात पाणी चढू दिले. मला हे उलटे वाटले. काका म्हणाले, आतून तोंड दाबले तर पाणी दुसरीकडून फुटते. कड्यात पाणी उभे राहिले की त्याचाच दाब बसतो. शेतकी कॉलेजात आम्हाला हे कोणी शिकवले नव्हते, किंवा शिकवले त्या दिवशी आम्ही सिनेमाला गेलो असू.

साडेबाराला पाणी थांबले. एकच्या पुढे उतरू लागले. धार पातळ झाली, मग स्वच्छ झाली, मग नुसता ओलावा राहिला. बायकांनी दुसरे मडके निखाऱ्यात तसेच ठेवले होते. शेंगा जरा करपल्या होत्या. आम्ही त्या चिखलाच्या हातांनी खाल्ल्या.

सकाळी मित्राने मला बांधावरूनच गावाच्या दुसऱ्या टोकाला नेले. तेथे बांध संपतच होता. मधे वीसेक पावलांची फट, तीतून ओहोटीचे पाणी वाहत होते. आत जेथे एके काळी भात होते तेथे पुरुषभर उंच कांदळवन, त्यात बगळे. काही वर्षांपूर्वी एका उधाणाला तेथे खांड गेली. त्या रात्री हाक ऐकायला जवळपास कोणी नव्हते. जे होते ते म्हातारे. पहिल्या आठवड्यात ती पंचवीस-तीस माणसांनी बुजली असती. अर्ज गेले, पाहणी झाली, पुन्हा अर्ज गेले. कोणत्या कचेरीत किती दिवस कागद राहिला ते सांगून आता उपयोग नाही. दोन वर्षांत चिखलात खारफुटीची रोपे उगवली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम झाली. खारफुटी किनारा राखते, माशांची पिल्ले वाढवते, तेव्हा तो निकाल चुकीचा असे आम्ही म्हणणार नाही. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल, अशी अवस्था झालेल्या शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्या गावात कोणाजवळ नव्हते. खांड पहिल्या आठवड्यात बुजवायची, एवढेच ते सांगतात.

मग पूर्वी ही शिस्त कशी टिकत होती? मित्राच्या मते, बांध कोणाचा हे पूर्वी सर्वांना ठाऊक होते. खांड गेली की घरटी एक माणूस, हा नियम होता. न येणाऱ्याकडून दंड. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला, आणि मोठमोठे बांध सरकारी योजनेत गेले. दगडाची पिचिंग, काँक्रीटच्या उघाड्या गावाच्या ऐपतीबाहेरच्या होत्या; त्या सरकारमुळेच झाल्या. पण त्याबरोबर बांधही सरकारचा झाला, अशी लोकांची समजूत झाली. शिवाय तरुण थळच्या खत कारखान्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यात, रेवसच्या लाँचने मुंबईत. एका पिकाच्या भाताला कोण बसून राहील? आम्ही त्यांना दोष देऊ शकलो नाही. आमचा मुलगाही पुण्यात नोकरीच करतो.

आणि तरीही याच जमिनीसाठी या लोकांनी काय सोसले आहे ते पाहावे. बांध घालायचे कुळांनी, कसायचे कुळांनी, आणि खळ्यावरून भात न्यायचे खोत-सावकारांनी, असा येथला रिवाज होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांनी खोताची जमीन न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावे त्यात उतरली. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. आपणहून शेत पडीक ठेवणे शेतकऱ्याला किती जड जाते, हे वाचकांना सांगायला नको. त्या काळात लोकांनी जंगलातली लाकडे विकली, खाडीतले मासे धरले, उपास काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. याच चळवळीतून ‘कृषीवल’ हे पत्र निघाले. आमच्या यजमानांच्या आजोबांनी ती सहा वर्षे काढली होती. आईंना त्यांच्या सासूने सांगितलेले आठवते : घरात भात नसायचे, तरी बांधावर फेरी चुकायची नाही. जमीन खोताची असली, तरी बांध गेला असता तर आपणच बुडालो असतो.

समुद्राच्या खाली शेती करणारे जगात आणखी पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या पूर्व भागात केंब्रिज आणि लिंकनशायरच्या बाजूला फेन नावाचा असाच पाणथळ मुलूख आहे. सतराव्या शतकात व्हर्मायडन नावाच्या डच इंजिनिअरला बोलावून तेथे कालवे काढले आणि दलदल उपसली. पूर्वी तेथली माणसे उंच काठ्यांच्या पायांवर चालत, विलोच्या फांद्यांच्या सापळ्यांनी वाम मासा धरत. जमीन कोरडी होऊ लागली तेव्हा मासेमारी आणि बोरू गेले म्हणून त्यांनी बांध फोडले, दंगे केले. हिवाळ्यात पाणी गोठले की शेतमजूर लोखंडी पात्यांच्या बुटांवर घसरत शर्यती लावत आणि बक्षीस म्हणून मांस किंवा पीठ घरी नेत. काम बंद पडलेल्या दिवसांत तेवढाच घराला आधार. करमणुकीतूनही चूल पेटवायची, हे खारेपाटाच्या वलगणीसारखेच झाले. तेथली जमीन कुजलेल्या पाल्याची, त्यामुळे पाणी काढले तशी ती बसत गेली. होम येथे १८५१ मध्ये जमिनीच्या पातळीला रोवलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. पाणी आता पंपांनी वर उपसून नदीत टाकावे लागते. आणि ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध ओलांडले तेव्हा इंग्लंडच्या त्या किनाऱ्यावर ३०७ माणसे दगावली.

पण आमच्या मित्राला यातली वेगळीच गोष्ट भावली होती. तेथे गावोगावच्या पाणीनिचरा मंडळांना कायद्याचा आधार आहे. जमीनधारक दरसाल जमिनीप्रमाणे पट्टी भरतात, मंडळावर आपले सभासद निवडून देतात, आणि पंप, कालवे, झडपा यांची देखभाल मंडळ करते. सरकारही मदत करते, पण कालवा कोणाचा हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. “एवढे जरी आपल्याकडे झाले!” असे म्हणून तो थांबला. मग त्याने खिशातून एक वही काढली. त्या रात्री बांधावर असलेल्यांची नावे तिच्यात होती, आमच्यासकट. आमच्यापुढे त्याने ‘पाहुणे, अर्धा माणूस’ असे लिहिले होते.

त्या वहीचे पुढे असे झाले. माघात त्याने गावात बैठक घेतली. एकरी थोडी वर्गणी ठरली, दोन फावडी आणि पन्नास रिकाम्या गोण्या उघाडीजवळच्या खोपटात ठेवल्या गेल्या, आणि कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पोरांनी आपापल्या सुट्ट्यांप्रमाणे उधाणाच्या रात्री वाटून घेतल्या. सगळे आले नाहीत. ज्यांची शेते कांदळवनाखाली गेली, ते तर म्हणाले, आता आमचे राखायचे काय राहिले? यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी काका म्हणाले, तुमचेही नाव वहीत असू द्या.

ज्येष्ठात मित्राचा फोन आला. मागे पावसाचा आवाज इतका होता की त्याला ओरडून बोलावे लागत होते. वलगण चढली होती आणि पुतण्या पहिल्या पाळीला दांडी मारून पाग घेऊन गेला होता. आम्ही बांधाचे विचारले. त्या जागी बाहेरून नवे दगड बसवले होते. मृगाच्या अमावास्येचे उधाण कोरडे गेले, आतल्या शेतात रहू पडला. “आणि वहिनींना सांग,” तो म्हणाला, “आई विचारते, तिथीचा हिशेब विसरल्या तर नाहीत?”

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आज तृतीया. तीनाचे पाऊणपट सव्वादोन. आता तिकडे पाणी चढत असेल.”

घड्याळात दीड वाजला होता.